दुरुस्तीपलीकडची थंडी

अवकाशात गेलेल्या यंत्राकडे मिस्त्री जात नाही. सातशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहातला एखादा दट्ट्या अडला, तर झाकण उघडून आत डोकावणारं तिथे कोणी नसतं. तेल घालता येत नाही, नट आवळता येत नाही, सुटा भाग मागवता येत नाही. म्हणून त्याला जे विचारायचं ते सगळं इथे, जमिनीवर, निरोपाच्या आधी विचारून घ्यावं लागतं. माणसाने यंत्रांना विचारलेल्या प्रश्नांत मला हे विचारणं सगळ्यांत गंभीर वाटत आलं आहे, आणि सगळ्यांत मायेचंही.

मी म्हणते ते यंत्र आहे क्रायोकूलर. लहानांत लहान क्रायोकूलर ओंजळीत मावतो, मोठा दोघांनी मिळून उचलावा लागतो. त्याच्या पोटात हेलियम वायू कोंडलेला असतो आणि एक दट्ट्या तो वायू सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा दाबत आणि सोडत असतो. एवढ्याशा हालचालीतून त्याच्या एका टोकाला शून्याखाली दोनशे अंशांची थंडी उतरते. उपग्रहावर हे यंत्र दहा वर्षं न थांबता चालावं लागतं. दहा वर्षं म्हणजे ८७,६०० तास. ते तेवढं चालेल की नाही, हे आधी ओळखण्याची विद्या हा गेली कित्येक वर्षं माझ्या रात्रीच्या वाचनाचा विषय आहे. नाशिकमध्ये भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं आणि माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. थंडीची ओढ आणि थंडीचा धाक, दोन्ही घरातूनच आले.

नाशिकला थंडी ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो. त्या रात्री बागांमध्ये शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू करून मुळांशी पाणी सोडलं जातं. मण्यांना तडे जाऊ नयेत, साखर उतरायची थांबू नये, एवढीच प्रार्थना असते. पुढे हाच शेतकरी पैसे मोजून थंडी विकत घेतो. काढलेली द्राक्षं प्रीकूलिंगमध्ये जातात, तिथून शीतगृहात, तिथून रीफर कंटेनरमध्ये, आणि समुद्रमार्गे युरोपला. कंटेनर भरण्यापूर्वी त्याच्या कूलिंग युनिटची तपासणी होते, कारण भर समुद्रात ते बंद पडलं तर बागेचं वर्ष पाण्यात जातं.

पण निफाडच्या त्या कडाक्याच्या रात्रीतही उष्णता किती शिल्लक असते! भौतिकशास्त्र थंडी मोजायला सुरुवात करतं ती शून्याखाली २७३ अंशांवरून, जिथे उष्णतेचा हिशेब संपतो तिथून. त्या केल्विन मापाने निफाडची पाच अंशांची पहाट २७८ केल्विनची असते. त्या पहाटे वेल, माती, तारा, शेकोटीपाशी बसलेला माणूस, सगळे आपापल्या उष्णतेने उजळत असतात. तो उजेड अवरक्त असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. आपल्या हवामानातल्या वस्तूंचा हा उजेड दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत प्रखर असतो. ढगाचा माथा, समुद्राची पाठ, धगधगणारं जंगल, ताऱ्याभोवतीची धूळ, सगळे याच लिपीत आपली हकिगत लिहून पाठवतात.

ही लिपी वाचणाऱ्या डिटेक्टरची अडचण अशी, की तोही उबदार असतो आणि तोही उजळत असतो. त्याच्या आतले इलेक्ट्रॉन स्वतःच्याच उष्णतेने उड्या मारतात आणि बाहेरून प्रकाश आल्याची खोटी वर्दी देतात. दूरच्या मंद उष्णतेची चाहूल घ्यायची तर आधी स्वतःची उष्णता उतरवावी लागते. काही डिटेक्टरांना ९० केल्विन पुरतात, काहींना ६० च्या खाली जावं लागतं, काहींना शून्याच्या अगदी दाराशी. जितकी मंद गोष्ट ऐकायची, तितकं स्वतःला शांत करावं लागतं. हे वाक्य अध्यात्माचं वाटेल. मी ते वर्गात उष्मागतिकी शिकवताना म्हणत असे, आणि अक्षरशः म्हणत असे.

अवकाशात ही थंडी नेण्याचे मार्ग मुख्यतः तीन. काही उपग्रहांत एक पृष्ठभाग काळ्याभोर आकाशाकडे उघडा ठेवतात आणि उष्णता तिकडे आपोआप निघून जाते. आपल्या इन्सॅट-३डी मालिकेतल्या हवामान उपग्रहांची अवरक्त उपकरणं अशीच थंड राहतात. जिथे त्याहून खोल थंडी हवी, तिथे पूर्वी ती बांधून न्यावी लागे. २५ जानेवारी १९८३ ला निघालेल्या आयरास या दुर्बिणीने द्रव हेलियम नेला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो संपला आणि दुर्बीण आंधळी झाली. मे २००९ मध्ये निघालेल्या हर्शेल दुर्बिणीने दोन हजार लिटरहून अधिक द्रव हेलियम नेला. २९ एप्रिल २०१३ ला त्याचा शेवटचा थेंब उडून गेला आणि निरीक्षणं थांबली. त्यात काही बिघडलं नव्हतं. आरसा धड होता, उपकरणं धड होती, फक्त शिदोरी संपली होती. जपानच्या सुझाकू उपग्रहाच्या वाट्याला एवढंही सुख आलं नाही. जुलै २००५ मध्ये तो निघाला आणि महिन्याभरात त्याचा सगळा द्रव हेलियम निघून गेला. ज्या उपकरणासाठी माणसांनी आयुष्याची वर्षं दिली होती, त्याने एकाही दूरच्या क्ष-किरण स्रोताचा अभ्यास केला नाही.

शिदोरी संपतेच. म्हणून तिसरा मार्ग चुलीचा, थंडी बरोबर बांधून नेण्याऐवजी तिथे रोज नव्याने करण्याचा. सौरपंखांतून वीज मिळत असेल तोवर क्रायोकूलर थंडी करत राहील. अट एकच, तो चालत राहिला पाहिजे.

त्याच्या पोटातल्या हेलियमशी आपलं जुनं नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, गुंटूरला तळ ठोकून बसलेल्या जान्सेन या खगोलशास्त्रज्ञांनी सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही, असं पुढे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ओळखलं. सूर्यावर आधी सापडलेलं ते मूलद्रव्य म्हणजे हेलियम. तेच लॉकियर २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावर आले होते. किल्ल्यावरच्या त्या जागेला लोक अजूनही 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. १० जुलै १९०८ ला लायडनमध्ये कामरलिंग ऑनेस यांनी हेलियम द्रवरूप केला, ४.२ केल्विनला. इतर सगळे वायू वाटेत गोठून बसतात. हेलियम तेवढा शेवटपर्यंत वाहता राहतो, म्हणून खोल थंडीच्या यंत्रात तोच भरतात. सूर्याच्या ज्वालेत सापडलेला वायू आज थंडीच्या कामाला जुंपला आहे.

यंत्राची मूळ कल्पनाही जुनी, १८१६ ची. स्कॉटलंडमधले पाद्री रॉबर्ट स्टर्लिंग यांनी बंदिस्त वायू तापवून-थंडावून चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं. तेच चक्र उलटं फिरवलं की इंजिनाचा शीतक होतो. वायू दाबला की तापतो. ती उष्णता बाहेर टाकायची, मग वायू जाळीच्या चवडीतून पलीकडे न्यायचा आणि तिथे पसरू द्यायचा. पसरताना तो गारठतो आणि परतताना त्याच जाळीत आपली थंडी ठेवून जातो. या जाळीला रिजनरेटर म्हणतात. प्रत्येक फेरीत थोडी थंडी साठते, पुढच्या फेरीला ती आयती मिळते, आणि पारा पायरी-पायरीने उतरत जातो. ३०० केल्विनच्या खोलीतून ८० केल्विनला एक वॅट उष्णता उपसायला निसर्गनियमाने किमान पावणेतीन वॅट लागतात. प्रत्यक्षातल्या यंत्राला याच्या कितीतरी पट वीज द्यावी लागते. थंडी नेहमीच महाग असते, हे आमच्या शीतगृहवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता यातलं अवघड ते असं. दट्ट्या सिलिंडरमध्ये पुढे-मागे सरकणार म्हणजे घासणार, घासणार म्हणजे झिजणार. तेल घालावं तर ते थंड टोकाला जाऊन गोठणार. १९७९ मध्ये अमेरिकेच्या पी७८-१ या उपग्रहावर फिलिप्सच्या घडणीचे स्टर्लिंग कूलर गेले. ते चालले, पण थंडी करण्याची त्यांची ताकद काळाबरोबर घटत गेली. सैन्याच्या रात्रदर्शी उपकरणांतले छोटे क्रायोकूलर काही हजार तास चालले तरी भागतं, कारण ते कार्यशाळेत परत येतात. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या विमान कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई विमानं घडली. सुखोईच्या नाकाशी उष्णता टिपणारा डोळा असतो. आमच्या गावावरून चाचणी उड्डाणाचा गडगडाट जातो तेव्हा लहान मुलंसुद्धा सांगतात, नवं विमान तपासताहेत. ते विमान तासाभराने परत उतरतं. तपासणारा माणूस त्याच्याभोवती पुन्हा फिरू शकतो. उपग्रहाला ही दुसरी संधी नसते.

उत्तर सापडलं ते ऑक्सफर्डमध्ये. दट्ट्याला आधार देणारे बेअरिंग काढून टाकले आणि त्याजागी सर्पिल चिरा पाडलेल्या पातळ पोलादी चकत्यांची स्प्रिंग बसवली. ती दट्ट्याला पुढे-मागे हलू देते, पण बाजूला रेसभरही ढळू देत नाही. दट्ट्या आणि सिलिंडर यांत शतांश मिलिमीटरच्या आसपास फट राहते. वायूला त्यातून निसटायला वेळच मिळत नाही, आणि धातू धातूला शिवत नाही. स्पर्श नाही म्हणून झीज नाही, आणि झीज नाही म्हणून तेलही नको. १९९१ च्या जुलैत ईआरएस-१ आणि सप्टेंबरात यूएआरएस या उपग्रहांवर या जातीचे कूलर अवकाशात गेले. नंतर पल्स ट्यूब आली. तिने थंड टोकाकडचा हलता भागच काढून टाकला. तिथे उरली फक्त एक पोकळ नळी आणि तिच्यात हेलकावणारा वायू.

पण घडण कितीही सुंदर असली तरी प्रश्न उरतोच, दहा वर्षं चालेल कशावरून? मला खिळवून ठेवतो तो हा प्रश्न. दहा वर्षं चालवून पाहावं, तर उड्डाणाआधीच त्याचं आयुष्य सरलं. तेवढा काळ उपग्रह आणि माणसं थांबणारही नाहीत. घाई करायलाही वाव नाही. हा दट्ट्या आपल्या स्प्रिंगच्या ठरावीक तालावर चालतो. त्याला दुप्पट वेगाने पळवलं, तर आपण भलत्याच यंत्राची परीक्षा घेत असतो.

म्हणून चाचणी करणारे वयाचा नाद सोडतात आणि मरणाची कारणं शोधतात. हे यंत्र थांबेल तर कशामुळे थांबेल? कारणं मोजकी निघतात: घर्षण, गळती, मळ, थकवा. मग प्रत्येक कारणाला वेगळं गाठलं जातं.

थकव्याचं उत्तर सर्वांत लवकर मिळतं. पोलादाला त्याच्या सोसण्याच्या मर्यादेच्या आत वाकवत राहिलं, आणि कोटींच्या घरात आवर्तनं त्याने सोसली, तर पुढेही ते सोसत राहतं. सेकंदाला ४५ च्या हिशेबाने दहा कोटी आवर्तनं महिन्याभराच्या आतच होतात. म्हणून स्प्रिंग कामात लागेल त्याहून जास्त वाकवून आधीच पारखून घेता येते. गळतीसाठी प्रत्येक सांध्याभोवती वस्तुमान-वर्णपटमापी यंत्र लावून निसटणारे हेलियमचे अणू मोजतात. आज निसटतात त्यावरून दहा वर्षांत किती निसटतील याचा हिशेब मांडता येतो. घर्षण झालंच तर ते मोटारच्या विजेच्या मागणीत उमटतं, म्हणून तो आलेख डोळ्यांत तेल घालून पाहिला जातो.

मळाचं काम मात्र सावकाशीचं आणि कटकटीचं. इथे मळ म्हणजे धूळ नव्हे. मोटारच्या गुंडाळीवरचं लाखेचं आवरण, जोडकामातला चिकट पदार्थ, धातूच्या अंगात मुरलेली पाण्याची वाफ, हे सगळं वर्षानुवर्षं कणाकणाने बाहेर पडत राहतं. ते वायूबरोबर थंड टोकाकडे जातं, तिथे गोठतं, रिजनरेटरच्या जाळीत अडकतं आणि थंडी हळूहळू विझत जाते. यावर एकच उपाय. हेलियम भरण्याआधी यंत्र निर्वातात ठेवून कित्येक दिवस तापवायचं, त्याच्या अंगातलं जे बाहेर यायचं ते येऊ द्यायचं. याला बेकआउट म्हणतात. त्यात घाई केलेली लगेच कळत नाही. ती तीन-चार वर्षांनी कळते, जेव्हा यंत्र आपल्या हाताबाहेर असतं.

याच्या जोडीला उड्डाणाची परीक्षा. रॉकेटच्या हादऱ्यांची नक्कल करणाऱ्या टेबलावर यंत्राला तिन्ही दिशांनी झोडपतात. त्या वेळी दट्ट्या सैरभैर आपटू नये म्हणून मोटारच्या तारा आपसांत जोडून ठेवतात. मग दट्ट्या हलला की त्यातूनच निर्माण झालेली वीज त्याला आवरते. पुढे निर्वात कक्षात त्याला तापवतात, गारठवतात, पुन्हा तापवतात. ते स्वतः किती थरथरतं हेही मोजतात, कारण त्याची थरथर दुर्बिणीच्या चित्रात उतरते. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन दट्टे समोरासमोर बसवतात, एकाचा धक्का दुसऱ्याने शोषून घ्यावा असे. शेवटी काही जुळी यंत्रं जमिनीवरच ठेवून नुसती चालवत राहतात. एक भाऊ आकाशात आणि एक प्रयोगशाळेत. प्रयोगशाळेतल्याला आधी काही झालं, तर आकाशातल्याची काळजी कशी घ्यायची ते कळतं.

थंडीची राखण करणाऱ्या माणसांची एक गोष्ट मला फार जवळची आहे. २०१७ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीची शीतचाचणी ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रातल्या प्रचंड निर्वात कक्षात चालू होती. ऑगस्टमध्ये हार्वी चक्रीवादळ आलं आणि शहर पाण्याखाली गेलं. कक्ष थंड ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनचा साठा खाली येत चालला. अभियंते तिथेच मुक्काम करून राहिले. त्यांच्यातल्या काहींच्या घरांची काळजी त्यांच्या मनात असणारच, पण काम थांबलं नाही. पुरातून वाट काढत नायट्रोजनचे टँकर पोहोचले आणि चाचणी पूर्ण झाली. २५ डिसेंबर २०२१ ला दुर्बीण निघाली. तिच्या मिरी या उपकरणाला यांत्रिक कूलरने ७ एप्रिल २०२२ ला सात केल्विनच्या खाली नेलं. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, जिथे आजतागायत कुठलाही माणूस गेलेला नाही, तिथे.

क्वचित मात्र दुरुस्तीचा हात आकाशातही पोहोचला आहे. हबल दुर्बिणीच्या निकमॉस उपकरणाची थंडी गोठवलेल्या नायट्रोजनवर होती. ती अपेक्षेच्या निम्म्याहून कमी काळात, जानेवारी १९९९ मध्ये संपली. मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन त्याला चिमुकल्या टर्बाइनचा कूलर बसवला आणि उपकरण पुन्हा पाहू लागलं. पण तो कूलरसुद्धा आधी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, अवकाशयानातून नेऊन चालवून पाहिला होता. मिस्त्री जाऊ शकत होता, तिथेही चाचणी चुकली नाही.

या विद्येत मराठी नावं आहेत याचा मला अभिमान वाटतो. पवईच्या आयआयटीत के. जी. नारायणखेडकर, एस. एल. बापट आणि मिलिंद अत्रे यांनी स्टर्लिंग कूलरच्या चक्राचं बारकाईने गणित मांडलं. १९९० मध्ये ते 'क्रायोजेनिक्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. अत्रे सरांची शीततंत्रज्ञानावरची व्याख्यानं आज कोणालाही घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. माझ्या काही विद्यार्थ्यांनी ती ऐकली, आणि त्यांच्या प्रश्नांची पातळी बदललेली मी पाहिली. २२ जुलै २०१९ ला निघालेल्या चांद्रयान-२ वरचा अवरक्त वर्णपटमापी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात घडला. त्याचा डिटेक्टर स्टर्लिंग जातीच्या कूलरने सुमारे ९० केल्विनपर्यंत उतरवला जातो. लँडर हरवल्याच्या दुःखात आपण त्या परिभ्रमण यानाला विसरलो होतो. ते चालत राहिलं, आणि चंद्राच्या मातीत हायड्रॉक्सिल आणि पाण्याच्या खुणा त्याच उपकरणाने टिपल्या.

नाशिककराला बारा वर्षांनी काळ मोजायची सवय असते. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. घरातली माणसं लग्नं, जन्म, मरणं सिंहस्थावरून आठवतात. मी क्रायोकूलरचं आयुष्यही तसंच मोजते. ४ मे २००२ ला ॲक्वा नावाचा उपग्रह निघाला. त्यावरच्या एअर्स या उपकरणात २,३७८ अवरक्त वाहिन्या आहेत, आणि त्यांचे डिटेक्टर पल्स ट्यूब कूलर ५८ केल्विनला, म्हणजे शून्याखाली २१५ अंशांना धरून ठेवतात. तो निघाल्यावर २००३ चा सिंहस्थ झाला. मग २०१५ चा झाला. या एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंत, सेकंदाला सुमारे ४५ च्या हिशेबाने, त्याच्या दट्ट्यांनी १,७०० कोटींच्या आसपास फेऱ्या केल्या. वीस वर्षं उलटल्यावरही तो कामावर होता. हे कोणाच्या नशिबाने घडलं नाही. उड्डाणाच्या आधी कोणीतरी चारही कारणांना पुरेसा वेळ दिला होता.

या उपकरणाचं काम आमच्या बागेपर्यंत येतं. हवेच्या थराथरांतलं तापमान आणि बाष्प ते मोजतं आणि जगातल्या हवामान अंदाजाच्या प्रारूपांत ती मोजमापं जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली, तेव्हा आमच्या भागातल्या काढणीला आलेल्या बागा झोडपल्या गेल्या. घडांखालची माती रसाने चिकट झाली होती. अंदाज कितीही सुधारला तरी गारा अडवता येत नाहीत. पण दोन दिवस आधी कळलं तर तयार माल उतरवता येतो, मजूर जुळवता येतात, कागद-जाळी टाकता येते. हे दोन दिवस जगभरच्या अनेक डोळ्यांच्या जागरणातून येतात, आणि त्यांतले काही डोळे कुठल्यातरी कूलरच्या अखंड धडधडीवर उघडे असतात. बागाईतदाराला त्या धडधडीचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. मला ते सांगावंसं वाटतं.

नाशिकमध्ये आज हजारो मुलं-मुली अभियांत्रिकी शिकतात. त्यांच्यातल्या कोणाला चाचणी विभागात नोकरी लागली की घरात थोडा हिरमोड होतो, हे मी पाहिलं आहे. घडवणाऱ्याचं नाव होतं, तपासणाऱ्याचं होत नाही, असा समज आहे. हा समज चुकीचा आहे आणि तो आपल्याला महाग पडतो. पूल, धरणाचे दरवाजे, रुग्णालयातले व्हेंटिलेटर, लसींची शीतसाखळी, सिंहस्थातले घाट, यांतल्या पुष्कळ गोष्टी वापरात आल्यावर दुरुस्त करायला सवड मिळत नाही. घडवणं ही कल्पनेची परीक्षा असेल, तर तपासणं ही चारित्र्याची परीक्षा आहे. कारण तिथे उत्तर नकोसं असलं तरी लिहावं लागतं, आणि काहीही बिघडलं नाही हेच आपल्या कामाचं फळ मानावं लागतं.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना, आणि हे वाचणाऱ्या त्यांच्या आईवडिलांना, माझं एवढंच सांगणं आहे. चाचणीचं काम मिळालं तर आनंदाने स्वीकारा आणि त्याला आयुष्य द्या. समोर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला विचारा, तू थांबशील तर कशामुळे थांबशील. उत्तर मिळेपर्यंत तिच्याजवळून उठू नका, आणि ते मिळाल्याशिवाय सही करू नका.